निळ्या पिंपाचा वास

"शी! शी! शीऽऽ! काय मेलंय या गाडीत?"

श्रुतिकाने रुमाल नाकावर गच्च दाबला. गाडी अजून नाहूरच्या पारिजात सोसायटीच्या फाटकातून बाहेरसुद्धा पडली नव्हती. समोर डॅशबोर्डवर मूठभर उदबत्त्या पेटवलेल्या, आरशाला गुलाबाच्या वासाची बाटली लटकवलेली, आणि त्या सगळ्याच्या खालून हळूच डोकं वर काढणारा तो एक वास!

"कोणी मेलेलं नाही! बसा गुपचूप!" प्रीतमदादा आरशात बघून ओरडला. "कालच्या पार्टीने सुकट आणली होती. तिचा वास राहिलाय जरा."

"सुकट?" श्रुतिका पुटपुटली. "सुकटीचा वास मला कळत नाही?"

तिला तो न कळणं शक्यच नव्हतं. मुलुंडच्या मासळी बाजारात आई बांगडा हातात घेण्याआधी श्रुतिकाला पुढे करायची. श्रुतिकाने नाक मुरडलं की कोळीणमावशीने कितीही शपथा घातल्या तरी आई पुढे सरकायची. सोसायटीतली मुलं तिला 'नाकाडी' म्हणायची आणि दूध नासलंय का हे विचारायला तिच्याकडेच यायची.

"सुकट नाही ही," ती शेजारच्या प्रबुद्धच्या कानात म्हणाली. "कोंबडी आहे. कच्ची. आणि चांगली शिळी."

"तुला भूक लागली असेल," प्रबुद्ध दुर्बीण पुसत म्हणाला.

"याला भूक म्हणतात? ओकारी म्हणतात याला!"

प्रबुद्ध तिच्याच वर्गातला, वरच्या मजल्यावर राहणारा. त्याच्या बाबांचं विक्रोळीला गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं, आणि त्यांनी वाढदिवसाला दिलेली दुर्बीण तो झोपतानाही उशाशी ठेवायचा. त्याला या सहलीत पक्षी बघायचे होते. श्रुतिकाला डोंगर बघायचे होते. खिडकीशी बसलेल्या अनयला, म्हणजे श्रुतिकाच्या चुलतभावाला, जे कोणी जे काही देईल ते खायचं होतं. आणि गाडीतल्या झाडून सगळ्या मोठ्या माणसांना फक्त बिबट्या बघायचा होता.

कारण प्रीतमदादाच्या बॅनरवर तसं लिहिलंच होतं: 'सावरखिंडीचा घाट, सूर्यास्त आणि बिबट्या! दिसणारच!' होळीपासून त्याने आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून या सहली सुरू केल्या होत्या, आणि नवल म्हणजे जो जाई त्याला बिबट्या दिसेच! मोबाइलवर फोटो यायचे. सगळ्या फोटोंत बिबट्या घाटाच्या कठड्यावर उभा, जणू काही त्याला कोणी 'जरा इकडे बघा' म्हटलंय. प्रबुद्धला ते पटत नव्हतं. वर्षानुवर्षं जंगलात फिरणाऱ्या लोकांना बिबट्याची शेपटीसुद्धा दिसत नाही, आणि प्रीतमदादाला रोज दिसतो?

पुढच्या सीटवर श्रुतिकाचे आजोबा, नाना, ताठ बसले होते. विक्रोळीच्या एका कारखान्याचा ट्रक त्यांनी उभ्या आयुष्यात एवढ्या घाटांतून चढवला-उतरवला होता की ड्रायव्हर दुसरा असला तरी वळण आलं की नानांचा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

मुलुंडचा नाका गेला, ठाणं गेलं, हायवे संपला आणि मोठ्या माणसांनी आपले गुण दाखवायला सुरुवात केली. वेफर्सची रिकामी पाकिटं खिडकीतून उडाली. कोणीतरी स्पीकर लावला. अनयची आई, म्हणजे माधुरीकाकू, पहिल्याच वळणावर पिशवीत ओकली आणि तिने ती पिशवी गाठ मारून सरळ बाहेर भिरकावली.

"काकू!" श्रुतिका किंचाळली. "झाडावर अडकली ती!"

"मग काय मांडीवर घेऊन बसू?" काकू तोंड पुसत म्हणाली. "जंगलच आहे, कुणाचं घर आहे का?"

श्रुतिकाने मागे वळून पाहिलं. पिवळ्याधमक फुलांनी झुकलेल्या बहाव्यावर ती पिशवी लोंबत होती. तिला इतकी किळस आली की तिने डोळे मिटले. वासाला रुमाल लावता येतो, पण माणसांना काय लावायचं?

"ए, शेकरू!" प्रबुद्ध एकदम उभा राहिला. "दादा, गाडी थांबव! आंब्यावर शेकरू आहे!"

श्रुतिकाने दुर्बीण ओढली. उंच फांदीवर तांबूस, झुपकेदार शेपटी लोंबत होती आणि मागे दरीत उन्हाने पांढरे पडलेले कडे एकामागे एक उभे होते. सुकलेल्या धबधब्याच्या काळ्या रेघा, मध्येच एखादा लालबुंद पांगारा... तिचा श्वास क्षणभर मोकळा झाला.

"खार आहे ती!" मागून कोणीतरी हसलं. "चल रे प्रीतम! खारी आमच्या बिल्डिंगमध्ये पण आहेत!"

गाडी थांबलीच नाही.

"श्रुती," अनय अचानक म्हणाला, "वरून सरबत गळतंय बघ. कोकम!"

खिडकीच्या काचेवरून एक लालसर ओघळ हळूहळू खाली येत होता. अनयने बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस!" श्रुतिकाने त्याच्या मनगटावर फटका मारला. तोच वास! काचेच्या फटीतून तो भसकन आत आला. ओघळात एक बारीक पांढरं पीस चिकटलं होतं.

अनय पिसाकडे बघत राहिला. "कोकमाला पिसं नसतात ना?"

"नसतात."

अनयने हातातला वडा पहिल्यांदाच खाली ठेवला.

"प्रीतमदादा, टपावर काय आहे?" प्रबुद्धने मोठ्याने विचारलं.

"रेडिएटरसाठी पाणी!" दादा झटकन म्हणाला. "जुनं पिंप आहे, गंज सुटतो!"

"पिंप प्लास्टिकचं आहे, निळं," प्रबुद्ध श्रुतिकाला हळूच म्हणाला. "चढताना पाहिलंय मी. प्लास्टिकला कधीपासून गंज चढायला लागला?"

*

घाटाच्या मध्यावर भजी-चहाची टपरी होती. "अर्धा तास थांबा! गरमागरम कांदाभजी खा!" प्रीतमदादाने सगळ्यांना खाली उतरवलं. "मी पुढचा रस्ता मोकळा आहे का बघून येतो!" आणि कोणी काही विचारायच्या आत तो रिकामी गाडी घेऊन वळणामागे दिसेनासा झाला.

मोठी माणसं भज्यांवर तुटून पडली. प्रबुद्ध मात्र आकाशाकडे बघत होता.

"श्रुती, घारी बघ!"

डोंगरावर विखुरलेल्या घारी एकेक करून एकाच बाजूला चालल्या होत्या. गाडी जिकडे गेली तिकडे. एका वळणावर त्यांनी गोल घिरट्या धरल्या, आणि मग भराभर खाली उतरल्या.

"करवंदं घ्या करवंदं!" बाजूला आवाज आला.

पळसाच्या पानांचे द्रोण भरलेली टोपली डोक्यावर घेऊन एक मुलगी उभी होती. त्यांच्याच वयाची. तिचं नाव चंपा, आणि खालच्या पाड्यावर तिचं घर होतं. सुट्टीत ती रोज करवंदं विकायची. दुपारभर टपरीवर आणि मग शेवटच्या एसटीपर्यंत पुढच्या वळणावर, घाटोबाच्या देवळीपाशी.

"तिथे कशाला?" अनयने करवंदांनी ओठ जांभळे करत विचारलं.

"तिथं सगळ्या गाड्या हळू होतात ना! देवाला हॉर्न देतात. मग मी द्रोण पुढं करते." तिने टोपली खाली ठेवली. "पण हल्ली नको वाटतं. होळीपासून तिथं लई वास मारतो. आणि मागच्या आठवड्यात माझं करडू तिथूनच गेलं. राणी नाव होतं. मी कठड्यावर बसले होते, राणी खाली चरत होती. गाडीनं हॉर्न दिला, झुडूप हललं, आणि राणी नाहीच!"

"आम्हाला दाखवशील ती जागा?" श्रुतिकाने विचारलं.

चंपाने त्यांना पायवाटेने नेलं. डोंगराच्या नाकावरून पलीकडे उतरलं की लगेच ते वळण. मुलं झाडीत पोचली तेव्हा प्रीतमदादाची गाडी माघारी निघत होती. टपावरच्या पिंपाचं झाकण उघडं पडलं होतं.

वळणावर दगडी कठडा, कठड्याच्या टोकाला शेंदूर लावलेल्या घाटोबाची छोटीशी देवळी, घंटा, वाळलेले हार. आणि कठड्याखाली...

"आई गं!"

श्रुतिका दोन पावलं मागे सरकली. उतारावर कोंबड्यांची आतडी, पाय, मुंडकी, पिसं यांचा चिकट ढीग पसरला होता. खालचा थर काळा पडून त्यात अळ्या वळवळत होत्या, वरचा आजचा, ओला. घारी आणि कावळे त्यावर भांडत होते. माश्यांचा आवाज एखाद्या मोटरीसारखा येत होता. प्रबुद्धने तोंड फिरवलं. अनय झुडपामागे गेला आणि त्याचे सगळे वडे बाहेर आले.

"हेच," श्रुतिका रुमालातून म्हणाली. "गाडीतला वास हाच!"

"इथं बघ," चंपाने कठड्यावर बोट ठेवलं. "मी इथं बसते. कोणीतरी रोज पान खाऊन थुंकतं मेलं."

कठड्यावर लाल डाग होते खरे, पण ते पानाचे नव्हते. तिथे दगडात एक लोखंडी कडी होती आणि कडीला तारेने मांसाचा मोठा तुकडा बांधलेला होता. ताजा. त्याच्या खालच्या धुळीत वाटीएवढे पंजे उमटले होते.

फोटोतला बिबट्या नेमका इथेच उभा असायचा! म्हणजे त्याला खरंच कोणीतरी 'जरा इकडे बघा' म्हटलं होतं.

"चंपा, प्रीतमदादा आल्यावर काय करतो?"

"माणसं गाडीत बसवतो, हॉर्न देतो लांबलचक. आणि त्याआधी मला म्हणतो, अंधार पडायच्या आत घरी पळ."

"का पळ ते सांगतो?"

चंपाने नाही म्हणून मान हलवली.

"वास तर बिबट्याला लांबूनच येत असेल," प्रबुद्ध हळूहळू म्हणाला, "पण माणसं असताना तो येणार नाही. मग दादाने त्याला सवय लावली. हॉर्न झाला की जेवण तयार! शाळेची घंटा वाजली की अनय डबा उघडतो ना, तस्सं!"

"पण इथे तर सगळेच हॉर्न देतात!" श्रुतिका ओरडली. "ट्रक, एसटी, सगळे! आणि चंपा बसते ती त्याच्या ताटात!"

चंपा कठड्यापासून लांब झाली. तिचा चेहरा उतरला होता.

श्रुतिकाने त्या तुकड्याकडे पाहिलं. आयुष्यात तिने नासलेलं दूध ओतायलासुद्धा हात लावला नव्हता. तिने सागाचं मोठं पान तोडलं, श्वास कोंडला आणि त्या गिळगिळीत मांसाभोवती पान धरून तार पिळायला लागली. तार सुटेना. पान फाटलं. बोटांना ते थंड, बुळबुळीत मांस लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने सोडलं नाही. शेवटी तार सुटली आणि तुकडा तिने लांब दरीत भिरकावला.

"नाकाडी, तू?" अनय थक्क होऊन म्हणाला.

"पाणी दे आधी!" ती ओरडली. "आणि साबण! आणि परत मला नाकाडी म्हणू नकोस!"

*

"नाना, ऐका ना! प्रीतमदादा हॉर्न वाजवून बिबट्याला बोलावतो!"

नाना चहाची बशी खाली ठेवून खवळले. "काय बोलतंस गो? हॉर्न देवाक असता! मी जल्मभर दिलंय. घाटोबाक सलामी दिल्याबिगर घाट चढू नये! त्या पोराक कशाक दोष देतंस?"

"पण ढीग..."

"कोंबडीवालो खंयचो तरी येऊन टाकत असतलो."

माधुरीकाकूने तर ऐकूनच घेतलं नाही. "बिबट्या दिसायच्या वेळेला नाट लावू नका! मी खास हा ड्रेस घालून आलेय!"

तिघं बाजूला झाली. प्रबुद्धचे डोळे चमकत होते.

"हॉर्नच वाजला नाही तर?"

"म्हणजे?"

"फ्यूज! स्टिअरिंगच्या खाली डबी असते. बाबांबरोबर हजारदा काढलाय. हॉर्न नाही, बिबट्या नाही, आणि मग दादाला सगळ्यांसमोर सांगू दे की का नाही!"

"झकास!" अनय म्हणाला. "मी त्याला भजी खायला लावतो. ते मला जमतं."

अनय खरोखरच दादासमोर जाऊन बसला आणि "दादा, तू एवढा शूर कसा रे? बिबट्या तुला घाबरतो का रे?" असलं काय काय विचारत राहिला. दादा फुगून गोष्टी सांगत होता तेवढ्यात प्रबुद्ध गाडीत शिरून बाहेरही आला. त्याच्या खिशात एक चिमुकला लाल फ्यूज होता.

"चंपा आमच्याबरोबर गाडीत बसेल," श्रुतिकाने ठणकावून सांगितलं. दादा कुरकुरला, पण नानाच म्हणाले, "बसांदे." चंपा टोपली देवळीपाशी ठेवूनच आली होती.

वळणावर गाडी थांबली तेव्हा सूर्य समोरच्या कड्याला टेकला होता. दरी तांबूस झाली होती. मोठ्या माणसांनी काचांना मोबाइल लावले.

"आता बघा गंमत!" दादाने हॉर्नवर तळवा ठेवला.

काही नाही.

परत दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. मग मुठीने बडवला.

"अरे, देवाक हॉर्न दी!" नाना अस्वस्थ झाले.

"वाजत नाही नाना!"

"मग बिबट्या?" माधुरीकाकूने विचारलं.

"येईल, येईल..." दादाचा घाम गळायला लागला.

वेळ गेला. कावळेही उडून गेले. गाडीत चुळबुळ सुरू झाली. "दिसणारच म्हणाला होतास!" "फसवणूक आहे ही!" श्रुतिका बोलायला उठणार एवढ्यात माधुरीकाकू वैतागून चंपाला म्हणाली, "ए मुली, निदान ती करवंदं तरी आण! तिकडे टोपली आहे ना तुझी? पळ, आण पटकन!"

आणि गिऱ्हाईक म्हटल्यावर चंपा सवयीने उठली, दार सरकवून उतरलीसुद्धा!

"चंपा, नको!"

"हॉर्न कुठं वाजतोय? आले!" ती हसत कठड्याकडे निघाली.

तेवढ्यात प्रबुद्धने श्रुतिकाचा दंड धरला. वरच्या वळणावर दोन दिवे दिसले. शेवटची एसटी! आज तिला उशीर झाला होता. ती देवळीपाशी आली की ड्रायव्हर काय करणार, हे श्रुतिकाला ठाऊक होतं, प्रबुद्धला ठाऊक होतं, आणि आता चंपालाही ठाऊक होतं. ती टोपलीवर वाकलेल्या अवस्थेतच गोठली.

पोंऽऽऽऽऽऽ!

श्रुतिका गाडीतून कधी उतरली तिचं तिलाच कळलं नाही. तिने चंपाची वेणी पकडली, मग हात, आणि तिला अक्षरशः फरफटत मागे आणलं. प्रबुद्ध आणि अनयने दोघींना आत ओढलं. दार धाडकन बंद झालं.

कठड्यावर बिबट्या उभा होता!

कधी आला, कुठून आला, कोणी पाहिलं नाही. तो लोखंडी कडीपाशी गेला. तिथे नाक लावलं. काहीच नव्हतं. मग त्याने मान वळवली आणि जिथे क्षणापूर्वी चंपा वाकली होती तिथे, टोपलीत तोंड घातलं. पंजाच्या एका फटक्यात टोपली उलटली. करवंदं रस्ताभर घरंगळली.

एकही मोबाइल वर झाला नाही. एसटीचे दिवे वळले तसा बिबट्या दरीत उतरला आणि एसटी करवंदांवरून निघून गेली.

माधुरीकाकूने दार पुन्हा ओढून ते घट्ट बसलंय का पाहिलं.

"तुकडा मी काढून टाकला होता," श्रुतिका म्हणाली. "कडीला काही नव्हतं. तरी तो वर आला. कारण हॉर्न वाजला. ती सलामी नाही राहिली नाना, ती त्याची जेवणाची घंटा झालीय!"

"काहीतरीच!" दादा ओरडला. "लहान मुलांचं काय ऐकता?"

"मग हे घे," प्रबुद्धने फ्यूज पुढे केला. "लाव आणि वाजव. दार उघडं ठेवून वाजव."

दादाने हात पुढे केला नाही.

"आणि टपावरच्या कोकमात पिसं का होती तेही सांग!" अनयने सुनावलं.

नाना सावकाश वळले. "प्रीतम. खरा सांग."

"नाना... लोकांना बिबट्या पाहिजे होता! शेकरू दाखवलं तर हसतात! नाहूरचा कोंबडीवाला ते असंही टाकूनच देतो. मी कुणाचं काय वाईट केलं?"

"आणि ह्या पोरीचा काय?"

"तिला सांगायचो ना मी! अंधाराआधी घरी जा म्हणून!"

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. म्हणजे त्याला माहीत होतं! पहिल्यापासून माहीत होतं! श्रुतिकाला त्या क्षणी जी शिसारी आली, तिच्यापुढे तो अळ्यांचा ढीगही काहीच नव्हता.

"शी!" ती एवढंच म्हणाली. दादाने मान खाली घातली.

नानांनी वनखात्याला फोन लावला. माधुरीकाकूने चंपाला कुशीत ओढून घेतलं, आणि नव्या ड्रेसने तिचं नाक पुसलं.

*

पुढच्या रविवारी, सकाळच्या लख्ख उन्हात, पारिजात सोसायटी पुन्हा घाटात आली. या वेळी भाड्याच्या बसने, कारण प्रीतमदादाची गाडी वनखात्याने अडकवून ठेवली होती आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. तो मात्र आला होता. वनरक्षक राधाताईंनी हातमोजे आणि फावडी वाटली.

"फावडी मोठ्यांनी घ्यायची," त्या म्हणाल्या. "मुलांनी त्यांचं काम केलंय."

मग काय! मुलं सावलीत बसून करवंदं खात होती आणि मोठी माणसं नाकाला फडकी बांधून तो ढीग उपसत होती. ठेक्यात आवाज येत होते. फावडं, शी! फावडं, शी! प्रीतमदादाला तर सारखं झुडपामागे पळावं लागत होतं. माधुरीकाकू स्वतःची ती पिशवी बहाव्यावरून काढायला काठी घेऊन खालच्या वळणापर्यंत चालत गेली.

"आता बिबट्याचं काय होणार?" चंपाने विचारलं.

"आम्ही कॅमेरे लावलेत," राधाताई म्हणाल्या. "खायला मिळेनासं झालं की तो आपल्या वाटेने जाईल. पिंजरा लावायची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा. पण हॉर्न थांबले पाहिजेत. पाटी लावली तरी ड्रायव्हर ऐकतील का? देवाचा मामला आहे. तुम्ही चौघं नसता तर आज मी इथे कशासाठी आले असते, याचा विचार करवत नाही." त्यांनी चंपाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाकीच्या तिघांकडे बघून कडक सॅल्यूट ठोकला. प्रबुद्धच्या हातातून दुर्बीण पडता पडता वाचली.

नाना एवढा वेळ देवळीपाशी उभे होते. त्यांनी कठडा स्वतः धुऊन काढला होता. समोरून एक ट्रक चढत आला. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे जाताना दिसला, तसे नाना सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. ट्रक कचकन थांबला.

"काय झालं काका?"

"हॉर्न वाजवू नको."

"अहो, देवाला सलामी..."

"खाली उतर. हात जोड आणि जा. मी चाळीस वर्सां हॉर्न वाजवलंय रे, माका शिकवू नको." नानांनी श्रुतिकाकडे बघितलं. "माझ्या नातीन माका शिकवल्यान. देव काय बहिरो आसा?"

ड्रायव्हर गोंधळला. मग खरंच उतरला, चपला काढल्या, घाटोबापुढे डोकं टेकवलं आणि गुपचूप निघून गेला. नाना रस्त्याकडेला दगडावर बसले, पुढच्या गाडीची वाट बघत.

"श्रुती," ते थोड्या वेळाने म्हणाले, "हय ये. वास घेऊन सांग, गेलो काय?"

श्रुतिका कठड्याशी गेली. तिने रुमाल खिशात कोंबला, डोळे मिटले आणि नाकाने दीर्घ श्वास घेतला. तापलेला दगड. वाळलेलं गवत. शेंदूर. चंपाच्या टोपलीतली पिकली करवंदं.

"गेला, नाना."

"काही दिसलं का रे?" खालून माधुरीकाकूने प्रबुद्धला विचारलं. काठीच्या टोकाला ती पिशवी लटकत होती.

प्रबुद्धने दुर्बिणीतून सगळी दरी पालथी घातली. "काही नाही काकू. एक शेकरू आहे फक्त."

"कुठे?" काकूने पिशवी कचऱ्याच्या पोत्यात टाकली आणि धापा टाकत वर आली. "दाखव की मला!"